मार्चनंतरचं पाणी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यातलं तुझं भाषण कुणीतरी मोबाईलवर पाठवलं. पूर्ण ऐकलं. चांगलं बोलतोस. डाळिंबाचे एकरी किती क्रेट निघाले हे सांगताना औषधांच्या बिलाचा आकडाही दडवला नाहीस, हे विशेष आवडलं. माइक हातात आला की उत्पन्न आठवतं आणि खर्च विसरतो, असे यशस्वी शेतकरी मी नोकरीत पुष्कळ पाहिले.

टाळ्या मात्र पडल्या त्या दुसऱ्याच वाक्याला. "मी करू शकलो, तर तुम्ही का नाही?" आणि त्याला जोडून, "फक्त मानसिकता बदला." नंतर प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतला एक जण उठला आणि म्हणाला, "आमच्या विहिरीला मार्चपर्यंतच पाणी असतं, आम्ही डाळिंब कसं करायचं?" तू म्हणालास, इच्छा असली की मार्ग निघतो. लोक हसले, तो खाली बसला. अरे, त्या अख्ख्या मेळाव्यात शेतीचा खरा प्रश्न तेवढाच एक विचारला गेला होता. त्याचं उत्तर काय द्यायला हवं होतं ते पुढे लिहितो. आधी तुझ्या वाक्याबद्दल.

'शून्यातून सुरुवात केली' असंही तू म्हणालास. ते शून्य मी जवळून पाहिलं आहे. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पगार उशिरा होईल, पण होणारच. आठ एकर रान, आणि विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे मे महिन्यातही मोटार दोन तास तरी चालते. तू राहुरीला शिकलास. तिथल्या वसतिगृहातला एक मित्र आज रोपवाटिका चालवतो, म्हणून रोपं खात्रीची मिळाली. दुसरा सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात आहे. पानावर पहिला ठिपका दिसला त्या दिवशी त्याला फोटो पाठवलास आणि दिवेलागणीच्या आत उत्तर आलं. दाजी पुण्याच्या मार्केट यार्डात गाळ्यावर कामाला, म्हणून भाव तुला व्यापाऱ्याच्या आधी कळतो. आणि बांधापर्यंत गाडी येते, हे तर तू कधी मोजलंही नसशील. ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्याला माल डोक्यावरून आणावा लागतो, म्हणून व्यापारी तिथे क्रेटमागे भाव पाडून मागतो.

यातलं काहीही तू कुणाचं हिसकावलेलं नाहीस. रात्री दोनला लाईट आली की विजेरी घेऊन मोटार सुरू करायला तूच जायचास, हे मला ठाऊक आहे. कष्ट तुझेच. पण आपली गोष्ट सांगताना माणसाला आठवतात त्या ओलांडलेल्या अडचणी. ज्या आल्याच नाहीत, त्या आठवणार कशा? विहीर आटली असती तर ती तुझ्या भाषणात आली असती. ती आटली नाही, म्हणून तिचा उल्लेखच नाही. अशा न घडलेल्या गोष्टी गोष्टीतून गळतात आणि उरतात ते फक्त कष्ट आणि जिद्द. मग समोर बसलेल्याला वाटतं, याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी आळशी आहे.

आता बागेवर तेल्या रोग आला त्या सालाबद्दल. भाषणात तू त्यावर दोन वाक्यं बोललास: बहार पूर्ण गेला, पण मी खचलो नाही. त्या साली मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची फुलं, धरला होतास, पाऊस थांबतच नव्हता, फळांवर तेलकट डाग पडून ती तडकायला लागली, आणि अख्खा माल बांधावर खड्डा काढून पुरावा लागला. त्याच साली तुझ्या खालच्या अंगाच्या बागेतही तेच झालं. वाण तोच, भगवा. पाऊस तोच. फवारण्या तुझ्याहून दोन जास्तच असतील. त्या माणसाला तू ओळखतोस. त्याने पुढच्या वर्षी बाग काढली, आणि परवा तू कुणाचंही नाव न घेता म्हणालास, "काही लोकांनी हिंमत सोडली."

त्याची हिंमत कुठे गेली, ते बघू. सोसायटीचं पीककर्ज थकलं, म्हणून नवं मिळेना. कृषी सेवा केंद्राची उधारी राहिली, आणि उधारी राहिली की औषध कुठलं घ्यायचं हे शेतकरी ठरवत नाही, दुकानदार ठरवतो. महागडं ते आधी मिळतं. त्यात मुलीचं लग्न ठरलेलं. पुढच्या बहाराचा माल फूल लागायच्या आधीच त्याने उक्ता देऊन उचल घेतली होती, म्हणजे भाव वाढला असता तरी फायदा दुसऱ्याचाच. अशा माणसाने आणखी एक वर्ष बाग सांभाळणं याला हिंमत म्हणायचं की अविचार? तुझ्याकडे त्या वर्षी आप्पांचा पगार होता. त्यातून घर चाललं, ठिबकचे हप्ते गेले, आणि तू डोकं शांत ठेवून बागेला विश्रांती दिलीस, कात्र्या निर्जंतुक केल्यास, रोगट फांद्या काढून जाळल्यास, पुढच्या वेळी पावसाळ्याच्या शेवटचा हस्त बहार धरलास. खचला नाहीस हे खरं. पण न खचण्याचा खर्च आप्पांनी भरला.

मला विचारशील, तर दोन शेतकऱ्यांमधला सगळ्यात मोठा फरक मेहनतीत नसतो आणि बहुतेक वेळा ज्ञानातही नसतो. किती हंगाम तोटा सोसता येतो, त्यात असतो. ज्याला तीन हंगाम सोसता येतात तो दोनदा चुकून तिसऱ्यांदा शिकतो, आणि मग लोक त्याला जिद्दी म्हणतात. ज्याला एकच सोसता येतो त्याची पहिलीच चूक शेवटची ठरते.

हे एकरांतही मांडून बघ. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. ही सरासरी आहे. त्याहून कमी असणारे असंख्य. तू दोन एकर डाळिंब लावलंस तेव्हा सहा एकर ज्वारी, तूर, कांद्याला मोकळं होतं. सव्वातीन एकरवाल्याने तेच दोन एकर लावले, तर बाग धरण्याजोगी होईपर्यंतची दोन-अडीच वर्षं घर सव्वा एकरावर चालवायचं. लागवड तीच, अंतर तेच साडेचार मीटर बाय तीन मीटर, एकरी तीनशेच्या आसपास झाडं तीच. तुझ्यासाठी तो प्रयोग होता. त्याच्यासाठी ती पैज आहे, आणि पणाला घर लागलेलं आहे. तेव्हा तो 'नको' म्हणाला, तर त्याची मानसिकता मागासलेली आहे असं मला वाटत नाही. त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो बरोबर आला.

हा गैरसमज तुझ्या एकट्याचा नाही. मोठमोठ्या योजना त्यावर उभ्या राहिल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जागतिक बँकेच्या मदतीने 'प्रशिक्षण व भेट' पद्धत देशभर राबवली गेली. डॅनिएल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाची ती कल्पना. गावात थोडे 'संपर्क शेतकरी' निवडायचे, गावपातळीवरच्या विस्तार कर्मचाऱ्याने ठरल्या वारी पंधरवड्यातून एकदा त्यांना भेटून शिफारशी द्यायच्या, आणि त्यांचं पीक बघून बाकीचे शिकतील. कागदावर फार देखणी योजना. प्रत्यक्षात संपर्क शेतकरी कोण झाले? ज्यांच्याकडे पाणी होतं, बैठक होती, साहेब आले तर चहा करायला माणूस होतं. त्यांचं पीक चांगलं आलं, आणि ते चांगलं आलंय हे बाकीच्यांना दिसलंही. दिसून करायचं काय? ज्ञान बांधावरून पलीकडे गेलं तरी पाणी जात नाही.

कृषी पदवीला विस्तार शिक्षणात तुला अमेरिकेतल्या आयोवाचा अभ्यास असेल. संकरित मक्यावरचा, ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी केलेला, १९४३ साली छापलेला. आपण तो परीक्षेपुरता वाचतो: नव्या गोष्टी आधी मूठभर घेतात, मग बाकीचे, शेवटी रेंगाळणारे. २५९ शेतकरी होते, आणि १९२८ ते १९४१ या काळात दोघं सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलं. उत्तरपत्रिकेत इथवर लिहिलं की गुण मिळतात. पण त्यातले दोन तपशील मला नेहमी जास्त मोलाचे वाटत आले. एक, आधी घेणाऱ्यांची शेतं मोठी होती, उत्पन्न जास्त होतं आणि डे मॉईन शहराच्या त्यांच्या खेपाही जास्त होत्या. म्हणजे तेच, जमीन, पैसा आणि ओळखी. आणि दोन, बहुतेकांनी पहिल्या वर्षी सगळं रान नव्या बियाण्याखाली आणलंच नाही. थोड्या तुकड्यावर लावलं, बघितलं, मग वाढवलं. ऐकल्यापासून स्वीकारेपर्यंत वर्षानुवर्षं गेली. त्यांना मंदीचा आणि दुष्काळाचा तो काळ काढायचा होता, आणि हे बियाणं घरचं ठेवता येत नव्हतं, दरवर्षी विकत घ्यावं लागे. मग त्यांनी घाई का करावी? 'रेंगाळणारे' हे नाव त्यांना वर्गात बसून दिलं गेलं.

आपल्याकडे १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हाही असंच. योजना चांगली, मी तिच्या बाजूचा. खड्ड्यांचे, रोपांचे पैसे सरकारने दिले, आणि आज आपल्या भागातल्या जुन्या बागांची मुळं तिच्यात सापडतील. पण अनुदान रोपाला मिळतं, उन्हाळ्याला मिळत नाही. ज्याच्या विहिरीने साथ दिली त्याची बाग झाली. बाकीच्यांच्या बांधाला ओळीने खड्डे राहिले, आणि 'शेतकऱ्यांनी नीट काळजी घेतली नाही' असा शेरा.

याच्या उलट बाजूने विचार करणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला. विलासराव साळुंखे. पुण्यातले अभियंते, स्वतःचा कारखाना असलेले. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले, आणि नायगावात माळाची सोळा हेक्टर जमीन कराराने घेऊन तिच्यावर पाणलोटाचं काम केलं. उजाड माळावर पीक उभं राहिलं. तिथे शेतकऱ्यांना बोलावून 'मी शहरातून येऊन करून दाखवलं, तुम्ही का नाही?' म्हणायला त्यांना कोण अडवणार होतं? त्यांनी पाणी पंचायतीचे नियम बांधले. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. आणि खर्चातला २० टक्के भाग सभासदांनी उचलायचा. बघ, या एकेका नियमामागे एक प्रश्न आहे: ज्याच्याकडे माझ्यासारखं काही नाही, त्याचं कसं होईल? पुढे त्या योजना सगळीकडे सारख्या टिकल्या नाहीत. तरी सुरुवात कुठून करायची, ते त्यांना बरोबर कळलं होतं.

हिवरे बाजारला तू सहलीने गेला आहेस. लोक तिथे जातात, समतल चरांचे फोटो काढतात आणि गावी येऊन चर खोदतात. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हापासूनच्या कामात चर होतेच, पण अवघड भाग होता तो ग्रामसभेने स्वतःला घातलेल्या बंधनांचा. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. चर फोटोत येतात. चार भावकींनी बोअर न घेण्याचं एकमताने ठरवलं, हे फोटोत येत नाही. तुझ्या बागेचे फोटोही लोक असेच नेतात.

एका गोष्टीत तुझा काहीच दोष नाही, तरी सांगतो. तुझा डोळा तयार झाला आहे आणि तो तयार झालाय हे तुला आता आठवत नाही. झाडाकडे बघून तुला कळतं की बहारासाठी पाणी तोडून दिलेला ताण बसला, आता पानगळ करायला हरकत नाही. गेल्या वर्षी तू मोबाईलवरच्या गटात तारीख टाकलीस, 'आज पाणी सोडलं', आणि कितीतरी जणांनी त्याच आठवड्यात पाणी सोडलं. तुझं रान मुरमाड, हलकं. महिना-सव्वा महिन्यात ताण बसतो. ओढ्याकाठच्या काळ्या भारी रानात तेवढ्या दिवसांत झाडाला पाणी तोडल्याचं कळतही नाही. तिथे अर्धवट ताणावर पानगळ केली, फुलं कमी आणि नुसता पाला. मग तू म्हणालास, यांना सांगितलेलं नीट करता येत नाही. त्यांनी तुझी तारीख पाळली रे. तुझा डोळा त्यांच्याकडे नव्हता. तारखेऐवजी काय बघितलंस ते सांगितलं असतंस, की खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, दुपारी शेंडे मलूल दिसू लागले, तर निदान जाणते शहाणे झाले असते. सोपं वाटायला लागलेलं काम दुसऱ्याला शिकवणं फार अवघड असतं. दोन वर्षांपूर्वीच्या तुझ्या वह्या काढून बघ. तेव्हा तू मला फोनवर काय काय विचारायचास ते तिथे असेल.

आता मागच्या रांगेतल्या प्रश्नाकडे.

मार्चपर्यंत पाणी, म्हणजे आंबे बहार गेला. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं धरायची आणि ऐन उन्हाळ्यात फळं पोसायची, तर पाणी मे-जूनपर्यंत हवं. टँकरने बाग जगवता येते म्हणशील, तर २०१२-१३ साली जालन्याच्या मोसंबीवाल्यांना विचार. टँकरचं पाणी घालूनही किती बागा शेवटी सरपणाला गेल्या. मृग बहार पावसावर निघतो, पण फळं ऐन दमट हवेत वाढतात आणि तेल्याला तेच हवं असतं. तुझ्यावर ते बेतलंच. राहिला हस्त. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं, माल फेब्रुवारी ते एप्रिल. त्याच्या पाण्याशी जवळपास जुळतं. रोग कमी, भाव बरा. पण पावसाळ्यात ताण बसवणं अवघड. ऑगस्ट-सप्टेंबरात एक मोठा पाऊस झाला की ताण तुटतो आणि बहार फिसकटतो. शिवाय माल उतरल्यावर एप्रिल-मेमध्ये झाड जगवण्यापुरतं पाणी लागतंच. म्हणून त्याला विचारायला हवं होतं: मार्चनंतर विहीर साफ कोरडी पडते की दिवसाआड घागरभर येते? शेततळ्याला जागा आहे का? पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती दिवस असतं, म्हणजे तळं भरेल तरी का? आणि तळ्यात पाणी मुरू नये म्हणून पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टाकायचा, तर पैसे कुठून?

ही उत्तरं जुळली नाहीत, तर त्याने डाळिंब करू नये. हे स्पष्ट सांगायला धीर लागतो, कारण डाळिंबवाल्याकडून लोक डाळिंबच ऐकायला येतात. बोरीचं झाड उन्हाळ्यात झोपतं. एप्रिल-मेमध्ये छाटून टाकलं की पावसावर फुटतं आणि माल हिवाळ्यात येतो. सीताफळ उन्हाळ्यात निष्पर्ण उभं राहतं, पावसाबरोबर बहार धरतं, दिवाळीच्या आगेमागे तोडणी. दोन्ही झाडांना मार्चनंतरचं पाणी फारसं लागतच नाही. भाव डाळिंबाचा मिळणार नाही, व्यासपीठावर बोलवणंही येणार नाही, पण त्या माणसाचं वर्ष निघेल. तुझ्या तोंडून हे ऐकलं असतं तर त्याने विश्वास ठेवला असता. आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांनी सांगितलं की लोकांना वाटतं, साहेबांना झेपत नाही म्हणून सोपं सांगतात.

हे वाचून दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. 'बिचाऱ्यांना जमणार नाही' असं धरून चालणं हाही उद्धटपणाच, फक्त गोड बोलणारा. तुझ्याच वाडीत ती बाई आहे, नवऱ्यामागे दीड एकर आणि दोन पोरं सांभाळणारी. डाळिंबाला सरळ नाही म्हणाली, उस्मानाबादी शेळ्या ठेवल्या. करडं कधी विकायची, बोकड कोणत्या बाजाराला न्यायचा, चारा कमी पडला की कोणती शेळी आधी काढायची, हे ती तोंडी सांगते. तुला दोन शेळ्या देऊन वर्षभर सांभाळायला सांगितलं, तर मी पैज तिच्या बाजूने लावीन. ती मात्र तुला 'मी करू शकते, तर तू का नाही?' असं कधी म्हणालेली नाही.

पुढच्या मेळाव्याला जाशील तेव्हा भाषण उलट्या बाजूने सुरू करून बघ. आधी तेल्याचं साल सांग, आकड्यांसकट: किती बुडाले, ते कुठून भरले, घर कशावर चाललं. आप्पांचा पगार लपवू नकोस. त्यात कमीपणा नाही, उलट ऐकणाऱ्याला आपलं माप काढता येतं. मग जे कुणालाही, उद्यापासून, पैशाशिवाय किंवा थोडक्या पैशात जमतं ते वेगळं काढून सांग. कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेताना निर्जंतुक करणं. तडकलेली फळं बांधावर न टाकता पुरणं. रोगट बागेतलं कलम फुकट मिळालं तरी न आणणं. वर्षाला एकच बहार धरून झाडाला विश्रांती देणं. एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण घरी करणं, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. त्याला दुकानदाराची उधारी लागत नाही. एवढं नीट सांगितलंस तरी बसलेल्यांपैकी निम्म्यांचा भाषणाला येण्याचा खर्च वसूल. पाण्यावर आणि भांडवलावर अवलंबून आहे ते त्यानंतर, आणि 'हे माझ्याकडे होतं' असं म्हणून. 'मानसिकता' हा शब्द एक वर्ष बाजूला ठेव. मला तो कधीच आवडला नाही. ज्याला समोरच्याची परिस्थिती विचारायचा कंटाळा येतो, तो तो वापरतो.

आणि कुणी 'लावू का?' म्हणून विचारायला आला, तर हो-नाही म्हणण्याआधी त्याच्या रानात जा. मे महिन्यात जा; दिवाळीत सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. थकबाकी किती, घरात दुसरी मिळकत कोणती, छाटणीची टोळी त्याच्याकडे वेळेवर येईल का की वीस एकरवाल्यांचं उरकल्यावर येईल, हे बांधावर बसून विचार. लोक सांगतात. सभेत सांगणार नाहीत, बांधावर सांगतात. आणि पहिल्या वर्षी अर्ध्या एकराहून जास्त लावू देऊ नकोस, त्याने कितीही उत्साह दाखवला तरी. अलीकडे झाडं वाळवणाऱ्या मर रोगाने आणि खोडातल्या भुंगेऱ्यांनी सांगोल्याकडच्या जाणत्या बागायतदारांनाही बागा काढायला लावल्या. ज्याची पहिलीच बाग आहे त्याच्यासाठी अर्धा एकर पुष्कळ.

आप्पा म्हणाले, तू गटशेतीचं मनावर घेतलं आहेस, बारा-पंधरा घरं एकत्र करून. कर. पण सगळे बागायतदारच गोळा करू नकोस. कमी पाण्याची दोन-तीन घरं पहिल्या दिवसापासून घे, आणि त्यांचं पाणी धरून पीक ठरव. औषधं एकत्र घेतलीत तर दुकानदाराच्या उधारीतून काही जण तरी सुटतील. तेवढ्यासाठीसुद्धा गट करण्यासारखा आहे. नफा कसा वाटायचा हे तुम्ही लिहिलंच असेल, सगळे लिहितात. पहिल्याच वर्षी तोटा आला, तर कुणी किती सोसायचा, आणि ज्याला सोसणार नाही त्याचा वाटा कुणी उचलायचा, हे कलम त्यात आहे का? नसेल तर बाग धरण्याआधी घाला, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून मग सह्या घ्या. मसुदा मला पाठव. बारीक अक्षरात नको, आता दिसत नाही.

आप्पांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
साहेबकाका